पगड्यांची शिडं

गेल्या महिन्यात एका शनिवारी पोराला घेऊन शूटर्स हिलच्या रानात गेले होते. लंडनच्या दक्षिण-पूर्वेचा हा भाग, ओकची जुनी झाडं, पायाखाली ओला पाचोळा आणि मध्येच अचानक समोर येणारा विटांचा एक तिकोनी बुरुज. तीन मजली, ६३ फूट उंच. नाव सेव्हर्नड्रूग कॅसल. या शहरात मी अकरा वर्षं राहतेय, हे नाव कुठे कुठे वाचलंही असेल, पण मोठ्याने कधी उच्चारलं नव्हतं. त्या दिवशी पाटी वाचून पोराने विचारलं, "आई, हे कसं म्हणायचं?" आणि मी म्हणून दाखवायला गेले आणि तोंडातून आपोआप आलं ते सुवर्णदुर्ग. माझं आजोळ हर्णे. लहानपणीच्या सगळ्या मे महिन्यांत, सकाळी दात घासत ओटीवर उभं राहिलं की समोर पाण्यात तो किल्ला असायचा, ओहोटीला जवळ आल्यासारखा आणि भरतीला लांब गेल्यासारखा. इतक्या लांबच्या थंड रानात तो आपल्याला असा भेटेल असं कधी मनात आलं नव्हतं.

बुरुज १७८४ चा. सर विल्यम जेम्स नावाच्या दर्यावर्दी कमोडोरच्या बायकोने, नवरा आदल्या वर्षी गेला म्हणून, त्याच्या आठवणीत बांधलेला. दारावरच्या लेखात लिहिलंय की मलबार किनाऱ्यावरचा सेव्हर्नड्रूग किल्ला २ एप्रिल १७५५ ला याच्या शौर्यापुढे पडला. मलबार! हर्णे बंदर आणि मलबार. मी ते दोनदा वाचलं. मग आम्ही जिना चढून वर गेलो, वरून थेम्स दिसते, लांबवर शहराच्या काचेच्या इमारती, वारा चांगलाच होता. तिथे एक म्हातारे गृहस्थ दुर्बीण घेऊन उभे होते. पोराच्या हातात त्याचं आवडतं प्लास्टिकचं पायरेट शिप होतं, काळं शीड, कवटीचा झेंडा, दोन्ही बाजूंना इवल्या तोफा. ते बघून आजोबा इतके खूश झाले, खाली वाकून त्याला म्हणाले, अरे वा, मग तर तू बरोबर जागी आलास, हा बुरुज ज्याचा आहे ना त्याने हिंदुस्थानातल्या पायरेट राजाचा किल्ला जिंकला होता. फार प्रेमाने सांगितलं त्यांनी. दुर्बीणसुद्धा बघायला दिली.

परतताना बसमध्ये पोरगा म्हणाला, "मामाआजोबांच्या गावचे लोक पायरेट होते?" मी म्हटलं नाही रे, ते आंग्रे, आपलं आरमार. तो म्हणाला, "मग त्यांची शिप्स कशी होती? अशीच?" आणि हातातलं खेळणं पुढे केलं.

मला सांगता येईना.

हे मला दिवसचे दिवस खुपत राहिलं. कान्होजी आंग्रे चाचे नव्हते हे मी कुणाशीही तावातावाने भांडून सांगितलं असतं, शाळेपासून सांगत आलेय. पण त्यांचं जहाज पुढून कसं दिसायचं, तोफा कुठे असायच्या, वारा पडला की काय करायचे, यातलं काहीही मला माहीत नव्हतं. म्हणजे ज्या गोष्टीचा मला एवढा अभिमान, तिचं चित्रच माझ्याकडे नव्हतं. माझ्या पोराकडे निदान प्लास्टिकचं का होईना एक जहाज होतं. मग रात्री तो झोपला की मी वाचायला बसायला लागले, आधी आंग्रे नाही, आधी तेच, कवटीच्या झेंड्याचे खरेखुरे चाचे. म्हटलं त्यांची जहाजं तरी खरंच अशी होती का बघू.

तर नव्हती. म्हणजे तोफा होत्या, काळे झेंडेही होते, पण 'चाच्यांचं जहाज' असं वेगळं बांधलेलं जहाजच नसायचं. जे हाती लागेल ते. ब्लॅकबिअर्ड या नामचीन चाच्याचं क्वीन ॲन्स रिव्हेंज मुळात ला काँकॉर्द नावाचं फ्रेंच जहाज, गुलाम वाहून नेणारं. १७१७ च्या नोव्हेंबरात त्याने ते कॅरिबियन बेटांजवळ पकडलं, नाव बदललं, तोफा वाढवत वाढवत चाळीसपर्यंत नेल्या आणि जेमतेम सहासात महिन्यांत, १७१८ च्या उन्हाळ्यात, नॉर्थ कॅरोलायनाच्या एका उथळ तोंडाशी वाळूत रुतवून टाकलं. १९९६ मध्ये तिथल्या पाण्यात ते सापडलं. तळातून वर काढलेल्या तोफा एका देशाच्या नाहीत, इंग्लंडच्या, स्वीडनच्या, फ्रान्सच्या, जिथून मिळाल्या तिथून उचललेल्या, काही तर अजून ठासलेल्याच होत्या. आणि सोबत शिशाच्या गोळ्या, खिळे, काचेचे तुकडे असं कापडी पिशवीत बांधून तोफेत भरायचा माल. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. मोठा गोळा जहाज फोडतो, पण काच आणि खिळे हे माणसासाठीच असतात, डेकवर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडासाठी. चाच्याला जहाज बुडवायचं नसतं ना, बुडालं तर लूटही बुडाली. त्याला समोरचं जहाज धड हवं असतं आणि माणसं घाबरलेली हवी असतात. म्हणून दोन अर्धे गोळे साखळीने जोडून दोर आणि डोलकाठ्या तोडायच्या, म्हणून कठड्यावर फिरत्या छोट्या तोफा बसवायच्या, म्हणून व्यापारी जहाजावर वीसपंचवीस खलाशी असतील तर आपल्यावर दीडशे माणसं कोंबायची. त्यासाठी आतल्या भिंती, केबिनी, वरची सजावट सगळं तोडून डेक सपाट आणि मोकळा करायचा. तोडकामच जास्त.

दुसरं, बेलामी नावाच्या चाच्याचं जहाज व्हायडा. तेही गुलामांचंच जहाज आणि ते तर इथेच, लंडनमध्ये, १७१५ ला बांधलेलं. दोन्ही गुलामवाहू हा योगायोग नव्हता. ही जहाजं वेगवान असायची, कारण प्रवास जितका लांबेल तितकी तळघरात कोंबलेली माणसं जास्त मरायची आणि मालकाचं नुकसान व्हायचं. त्या हिशोबातून आलेला वेग. चाच्यांना तो आयता मिळाला. बुरुजावरून मी थेम्सकडे बघत फोटो काढत होते तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं, आता ते फोटो उघडले की नदीचं ते पाणी वेगळं दिसतं.

आणि एक चाचा हेन्री एव्हरी. हा आपल्याकडे आलेला. त्याचं फॅन्सी हे ४६ तोफांचं जहाज, १६९४ मध्ये बंड करून पळवलेलं. कोमोरोस बेटांवर त्याने ते किनाऱ्यावर चढवून तळ साफ केला, वरचा भाग छाटून हलकं केलं, आणि १६९५ च्या सप्टेंबरात मक्केच्या यात्रेकरूंना घेऊन सुरतेला परतणाऱ्या औरंगजेबाच्या गंज-इ-सवाईला गाठलं. गंज-इ-सवाई केवढं तरी मोठं, भरपूर तोफांचं. पण लढाईच्या सुरुवातीलाच त्यातली एक तोफ तिथल्या तिथे फुटली, आपलीच माणसं मेली आणि फॅन्सीच्या गोळ्याने मुख्य डोलकाठी खाली आली. पुढे त्या जहाजावर बायकांचं जे केलं ते मला इथे लिहायचं नाही. या एका घटनेने मुघल दरबाराच्या नजरेत सगळेच इंग्रज चाचे ठरले, सुरतेच्या वखारीतल्या लोकांना कैदेत टाकलं. साठ वर्षांनी तेच इंग्रज सुवर्णदुर्गापुढे उभे राहून आंग्र्यांना चाचे म्हणत होते.

तळ साफ करण्यावरून मला हर्णेच आठवलं. समुद्रात राहिलेल्या लाकडाला शेवाळ धरतं, कवचाचे जीव चिकटतात, आणि लाकूड आतून पोखरणारा किडा असतो तो वेगळाच. मग भरतीला जहाज वाळूवर चढवायचं, ओहोटी लागली की एका कुशीवर कलंडवायचं, तळ खरवडायचा, जाळायचा, डांबर आणि चरबी फासायची, मग दुसरी कूस. चाच्यांना हे कुठल्यातरी आडबाजूच्या बेटावर लपूनछपून करावं लागायचं कारण त्या आठवड्यात ते सगळ्यात दुबळे असायचे. आमच्या हर्णेला हे भर उन्हात सगळ्यांसमोर चालायचं. मेच्या शेवटी होड्या वर ओढून घेतलेल्या, नारळी पौर्णिमेपर्यंत त्या वरच. नारळाची झापं घालून झाकायच्या आधी तळाला मुशीचं तेल फासायचे, तो वास! आंबूस, जड, केसात जाऊन बसणारा, आई ओरडायची की आधी न्हाणीत जा मग घरात ये. तेलात भिजवलेला कापूस छिन्नीने फळ्यांच्या फटीत ठोकत बसलेले सुतारकाका, टकटक टकटक, दोन टोल हलके आणि एक जोरात. होडी बांधताना त्यांच्यासमोर कागद कधीच नसायचा. आमच्या अण्णामामाने एकदा विचारलं की नकाशा नाही लागत का हो, तर मान वर न करता म्हणाले, "व्हडी पान्याला इचारून बांधायची, कागदाला नाय."

मला वाटतं माझा खरा शोध तिथून सुरू झाला. आंग्र्यांची जहाजं कुठल्या पाण्याला विचारून बांधली होती?

त्यांची मोठी लढाऊ जहाजं म्हणजे गुराबा. शब्द अरबी, गुराब म्हणजे कावळा. दोन किंवा तीन डोलकाठ्या, साधारण दीडशे ते तीनशे टनांची. लांबीच्या मानाने रुंदी चांगली, पण मधून पुढे येता येता निमुळती होत गेलेली आणि पुढे चोचीसारखी लांब बाहेर आलेली नाळ. मुख्य डेक आणि ही नाळ यांच्यामध्ये एक मजबूत आडवी भिंत. समोरून लाट आली की गुराबेचं नाक पाण्यात जोरात खुपसायचं, पण ते पाणी नाळेवरूनच दोन्ही बाजूंना वाहून जायचं, आत जहाजात यायचं नाही. आणि त्या भिंतीला भोकं ठेवून मागे दोन तोफा, नऊ ते बारा पौंडांचा गोळा टाकणाऱ्या, थेट पुढे रोखलेल्या, नाळेवरून मारा करायला. बाजूच्या तोफा त्याहून लहान, सहा ते नऊ पौंडी. हे वाचलं आणि मी वहीत चित्र काढायला बसले. इंग्रजांच्या मोठ्या जहाजाची ताकद कुशीत असते, तोफांची रांगच्या रांग दोन्ही बाजूंना, पण नाकासमोर आणि शेपटीमागे ते जवळजवळ उघडं. गुराबेची जड तोफ नेमकी पुढच्या बाजूला. म्हणजे हे जहाज समोरच्याच्या कुशीला जाऊन उभं राहण्यासाठी बांधलेलंच नव्हतं. हे मागून येण्यासाठी बांधलं होतं.

त्यांच्याबरोबर गलबतं. सत्तर टनांच्या आतली, मोठालं तिरकं त्रिकोणी शीड, त्याचं टोक डोलकाठीच्याही कितीतरी वर गेलेलं, आणि चाळीसपन्नास वल्ही. वारा असो नसो, तासाला चार मैल. बऱ्याच गलबतांचं डेक फाडलेल्या बांबूच्या पट्ट्यांचं, हलकं राहावं म्हणून, त्यावर नुसत्या जंबुरक्या म्हणजे छोट्या फिरत्या तोफा, थोड्या मोठ्या गलबतांवर दोन ते चार पौंडी सहाआठ तोफा. आठदहा गुराबा आणि चाळीसपन्नास गलबतं असा तांडा निघायचा. आणि वारा पडला की खरी गंमत. दुपारचा तो कोंडलेला वारा कोकणात वाढलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, माडाची झावळीही हलत नाही, समुद्र तेलासारखा. अशा वेळी मोठं इंग्रजी जहाज शिडं लोंबकळवत जागच्या जागी. आणि गलबतं गुराबांना दोर बांधून, वल्हवत ओढत, त्याच्या शेपटीमागे नेऊन लावणार. तिथून डोलकाठ्यांवर मारा, आणि जहाज लुळं पडलं की चारी बाजूंनी गलबतातली माणसं तलवारी घेऊन वर. १७३५ च्या डिसेंबरात डर्बी नावाचं ईस्ट इंडिया कंपनीचं खजिना भरलेलं जहाज कान्होजींचे पुत्र संभाजी आंग्र्यांनी असंच मागून गाठून, डोलकाठ्या पाडून घेतलं आणि कैद्यांना आणलं ते सुवर्णदुर्गावर. आमच्या समोरच्या त्या किल्ल्यावर!

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचं प्रकरण आहे हे माहीत होतं, पण त्यात जहाजाच्या मापाबद्दल आणि लाकडाबद्दल काय आहे ते मी पहिल्यांदा नीट वाचलं. तरांडी म्हणजे जहाजं फार मोठीही नकोत आणि लहानही नकोत, वाऱ्यावाचून कामाची नाहीत अशी अवजड तर बांधूच नयेत. सागवान अरण्यातून परवानगीने आणावं. आंबा-फणसाचं लाकूडही जहाजाला चालतं, पण त्याला हात लावू नये, कारण रयतेने ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात. हे वाचून मी वही मिटून ठेवली आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले. ब्लॅकबिअर्डला कुठल्या झाडाची काळजी करायची होती? त्याने आयुष्यात एक फळी बांधून घेतली नसेल. त्याच्याकडे जहाज होतं पण गोदी नव्हती, सुतार होते ते पकडून आणलेले. इकडे विजयदुर्गाजवळ गिर्ये गावाला वाघोटणच्या खाडीत आंग्र्यांची गोदी आहे, खडक फोडून केलेली, आजही बघता येते. समुद्रावर लुटून पळून जाणारा माणूस खडक फोडत बसत नाही. मला पोराला द्यायचं उत्तर तिथे सापडलं असं वाटलं. झेंडा बघू नकोस, जहाज कुठे आणि कोणी बांधलं ते बघ.

पण हे उत्तर मी मनात घोळवत राहिले तसं ते पूर्ण पुरेना. कारण गलबतातून तलवारी घेऊन चढणारी माणसं समोरच्या जहाजावरच्यांना काय वाटली असतील? आंग्र्यांचं दस्तक म्हणजे परवाना घेतला नाही तर जहाज पकडायचं, हा हक्क ते आपल्या पाण्यावर सांगत होते, पोर्तुगीज आपल्या कार्ताझ नावाच्या परवान्याने दोनशे वर्षं तेच करत आले होते, त्याला कोणी चाचेगिरी म्हणत नव्हतं. हे सगळं खरं. तरी १७१२ मध्ये कान्होजींच्या माणसांनी मुंबईच्या गव्हर्नरचं जहाज पकडलं तेव्हा त्यावरच्या एका इंग्रज अधिकाऱ्याची बायको, नवरा डोळ्यांदेखत मारला गेलेली, खंडणी येईपर्यंत कैदेत राहिली, तिला मी काय समजावणार होते? आणि पकडलेल्या सगळ्या जहाजांवर गोरेच थोडे होते, आपल्याच किनाऱ्यावरचे व्यापारी, खलाशीही होतेच. माझा अभिमान कमी झाला नाही, पण त्यात हे आता मिसळलं आहे आणि ते वेगळं काढता येत नाही.

सगळ्यात जास्त त्रास १७५५ चा झाला. ज्याच्या आठवणीत तो बुरुज बांधला तो जेम्स सुवर्णदुर्गावर एकटा आला नव्हता. त्याच्या ४४ तोफांच्या प्रोटेक्टर जहाजाबरोबर पेशव्यांचं आरमार होतं. कान्होजींचे दुसरे पुत्र तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हते, म्हणून पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरलं. किल्ल्यावर गोळे पडले, एक छप्पर पेटलं, आग दारूच्या कोठारापर्यंत गेली आणि ते उडालं. ठरल्याप्रमाणे सुवर्णदुर्ग पेशव्यांकडे गेला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह आंग्र्यांच्या विजयदुर्गावर आले, आणि किल्ल्याखाली एकमेकांना बांधून उभ्या असलेल्या गुराबा एका पेटत्या जहाजावरून दुसऱ्यावर अशा आग पसरत जाऊन जळाल्या. पेटलेलं पहिलं जहाज रेस्टोरेशन, आंग्र्यांनी इंग्रजांकडूनच जिंकून आणलेलं. एका संध्याकाळी सगळं आरमार. तेल पिऊन पिऊन काळं झालेलं सागवान, राळ, कापूस, काथ्या. मुशीच्या तेलाचा तो वास माझ्या ओळखीचा आहे म्हणून असेल, ती आग मला नुसती वाचून सोडून देता येत नाही.

सुवर्णदुर्ग पडायच्या थोडं आधीची एक गोष्ट मात्र मी पोराला सांगितली. प्रोटेक्टर येताना दिसल्यावर बंदरातलं आंग्र्यांचं आरमार बाहेर पडून दक्षिणेकडे पळायला लागलं. वारा अगदी मंद. पेशव्यांची जहाजं मागेच पडली, एकटा जेम्स पाठलाग करत होता. आंग्र्यांच्या खलाशांनी जहाज हलकं व्हावं म्हणून जड सामान समुद्रात फेकलं, होती नव्हती ती सगळी शिडं चढवली, आणि तरी पुरेना तेव्हा अंगावरचे कपडे काढून दोरांना बांधले, डोक्यावरच्या पगड्या सोडून त्या पसरल्या, मिळेल तेवढी झुळूक धरायला. आणि ते निसटले. हे लिहून ठेवलंय ते शत्रूच्या बाजूच्या माणसाने.

पोरगा ऐकता ऐकता उठून बसला. म्हणाला पगडी किती लांब असते? मी म्हटलं खूप, आपल्या हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तरी. मग दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर त्याने आइस्क्रीमच्या काड्या चिकटपट्टीने जहाजाच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या, वल्ही म्हणून, मोजून नऊ आणि आठ. तोफा सगळ्या उपटून त्यातल्या दोनच पुढे नाळेवर लावलेल्या. कवटीच्या झेंड्याचं काय करायचं ते त्याचं ठरत नव्हतं, तो वेगळा काढून टेबलावर ठेवला होता. मी अण्णामामाला व्हिडिओ कॉल लावला. मामाने चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "मागच्या बाजूला फार जड झालीय रे, नाक वर उचललंय बघ. थोडं वजन पुढं टाक." पोराने विचारलं, "मामाआजोबा, तुमच्याकडे पगडी आहे?" मामा हसला, म्हणाला पगडी कुठली, बाबांचं एक जुनं उपरणं आहे, तुझ्या आईला विचार, ती घेऊन गेलीय.

खरंच माझ्याकडे होतं. कपाटात खालच्या कप्प्यात, आजोबांचं, विरलेलं, धुवूनही किंचित पिवळं राहिलेलं. त्याच्या कडेची वीतभर पट्टी कापताना माझा हात थांबला होता, पण कापली. त्याने ती डोलकाठीला बांधली, गाठ सैल बसली म्हणून परत बांधली, आणि मग बाथटब भरून जहाज पाण्यात सोडून, वारा नाही म्हणून, वाकून तोंडाने फुंकर घालत बसला.